काज मशीनची सुरी टाके कापते, तर सुरी बदलावी का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या सेकंडहँड काज मशीनवर दहातल्या दोन-तीन काजांत सुरी कडेचे टाके कापते, तर हा डिझाइनचाच दोष आहे का, सुरी बदलावी की सरळ कॉम्प्युटरची मशीन घ्यावी. सुरीला हात लावू नका. निदान मी सांगते ते करून बघेपर्यंत तरी नाहीच.

मी सोलापूरची. शाळेच्या गणवेशाच्या युनिटमध्ये बरीच वर्षं काज-बटणावर बसले आहे. तुमचा प्रश्न वाचला आणि २०११ चा मे महिना आठवला. गणवेशाच्या धंद्यात एप्रिल ते जून मान वर करायची सोय नसते. युनिट आमच्या थोरल्या भावजींचं, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचं. काज मशीन एकच आणि ती माझ्याकडे. जपानी, जुनी, सगळा कारभार कॅम, म्हणजे सुई आणि कापडाला ठरलेल्या वाटेने हलवणारी फिरती चकती, आणि गिअरवर. ऑर्डर होती अठराशे हाफ शर्टांची. पट्टीला पाच काजं आणि कॉलरला एक, म्हणजे दहा हजार आठशे काजं.

तिसऱ्या दिवशी चेकिंगच्या पोरीने सहा शर्ट माझ्यापुढे टाकले. काजाची एक कड उसवलेली, टाके मधोमध कापलेले, सुतं बाहेर. शर्टाचं काज एकदा कापलं की संपलं. शिवण चुकली तर उसवून परत मारता येते, कापलेलं कापड सांधता येत नाही. म्हणून तर काज शेवटी करतात आणि म्हणून त्या बाईवर सगळ्यांचा डोळा असतो. शर्टाचं बाकी सगळं काम झालेलं असतं, नुकसान पूर्ण शर्टाचं.

भावजींनी मशीन पाहिलीसुद्धा नाही. "सुरी बोथट झाली असणार, नाहीतर तू काहीतरी फिरवलं असशील," म्हणाले. मी म्हटलं, बोथट सुरी कापड अर्धवट कापेल, टाके का कापेल? त्यावर उत्तर आलं, "बाईनं मशीन चालवायची, उघडायची नाही." हे चौदा जणांसमोर.

मुंबईहून मिस्त्री आला. त्याने सुई बदलली, दोऱ्याचं टेन्शन आवळलं, सुरी काढून धार लावून आणली आणि पैसे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत तेच. फरक एवढाच की आधी सुरी टाके चावायची, आता सफाईने कापायला लागली. आठवड्याभरात चौसष्ट शर्ट बाद झाले आणि त्यांचे पैसे माझ्या हिशोबातून कापले गेले. घरचं माणूस म्हणून हप्त्याने, हे उपकार.

त्या रात्री लाइट साडेनऊला आली. मी एकटीच थांबले. आधी हे सांगते की माझी आई हाताने काजं करायची, दोन शिंप्यांची. हाताच्या काजात आधी कापड कापतात, मग कापलेल्या कडेवरून काजाचा टाका घालत जातात, एकेक गाठ कडेवर बसवत. त्यामुळे सूत बाहेर यायला जागाच राहत नाही. शर्टाची मशीन बरोबर उलटं करते. आधी एक कड वर जाताना शिवते, टोकाला सुईचा डावी-उजवीकडचा झोका रुंद करून आडवा टाका देते, मग दुसरी कड शिवत परत येते, पुन्हा आडवा टाका, आणि सगळं झाल्यावर मधल्या फटीत सुरी पडते. मोठ्या कॅमचा एक फेरा म्हणजे एक काज. टाके कमी-जास्त करायचे तर गिअरची जोडी बदलायची. जुकी या जपानी कंपनीची अशीच ७८१ नंबरची काज मशीन मिनिटाला ३,६०० टाक्यांपर्यंत धावते. शंभर टाक्यांचं काज धरलं तर दोन सेकंदांचंही काम नाही. आईला तेवढ्यात सुईत दोराही ओवून झाला नसता.

यात लक्षात घ्यायची गोष्ट ही की सुरीला टाके दिसत नाहीत. ती बिचारी दर वेळी मशीनच्या हिशोबाने एकाच जागी पडते. दोन कडांमधली फट मिलिमीटरभरही नसते. तेव्हा टाके कापले जात असतील तर दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर सुरी जागेवरून हलली आहे, नाहीतर टाके हलले आहेत. आणि टाके एकटे हलत नाहीत, कापडाबरोबर हलतात.

हे तपासायला न ताणणारं, न सरकणारं काहीतरी पाहिजे होतं. ड्रॉवरमध्ये लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, भावजींच्याच मुलीच्या, दोन आठवड्यांपूर्वीच्या. जाड, गुळगुळीत. एक घेतली. दोरा वाया कशाला घालवा म्हणून सुईतला दोरा काढला आणि मशीन मारली. भोकं पडली, सुरी पडलीच नाही. मला आधी वाटलं की आता हेही बिघडलं. मग ट्यूब पेटली. दोरा तुटला तर सुरी पडू नये अशी त्या मशीनमध्ये सोय होती. टाके नसताना सुरी पडली तर कापडाला नुसता चिरा जाईल, म्हणून मशीन स्वतःच सुरी अडवून धरते. ज्याने कोणी ही सोय बसवली त्याने एकदा तरी काज-बाईच्या शिव्या खाल्ल्या असणार. डिझाइनला दोष द्यायच्या आधी हे एवढं बघून घ्या.

दोरा ओवला, परत मारली. पत्रिकेवर काज आलं ते नवऱ्या मुलाच्या नावावर. दिव्यासमोर धरलं. सुरीची चीर दोन्ही कडांच्या बरोब्बर मधून गेलेली, अगदी फूटपट्टीने आखावी तशी. आणखी पाच पत्रिका मारल्या. सहाच्या सहा नीट.

मग बाद झालेले शर्ट घेतले आणि एकेक बघत बसले. कापलेली कड नेहमी एकच होती. जी आधी शिवली जाते ती. नंतरची कड एकाही शर्टात कापलेली नव्हती. हे कळल्यावर मी एकटीच हसले. पहिली कड शिवून झाली, मग कापड सरकलं, सरकताना ती शिवलेली कडही सोबत घेऊन सुरीच्या वाटेत आली. दुसरी कड सुरी पडायच्या जेमतेम आधी शिवलेली, तिला सरकायला वेळच मिळत नाही. सुरी हलली असती तर पत्रिकेवर दिसली असती.

कापड दाबून धरणारा क्लँप काढून उलटा केला. त्याच्या खालच्या बाजूला बारीक दाते असतात, कानशीसारखे. आमच्या क्लँपचे दाते झिजून तो जुन्या रुपयासारखा चकाकत होता. वर त्या वर्षीचं कापड टेरिकॉट, नेहमीपेक्षा घसरडं. टाक्याच्या ओढीने कापड आत खेचलं जायचं आणि क्लँप ते अडवू शकत नव्हता. खात्री करायला खडूने क्लँपच्या कडेला लागून कापडावर रेघ मारली, काज मारलं, बघितलं. रेघ क्लँपखाली गेलेली, जाड दोऱ्याएवढी. हार्डवेअरच्या दुकानातला बारीक पॉलिश पेपर घरात होता. त्याच्या दोन पट्ट्या कापून क्लँपखाली चिकटवल्या, क्लँपचा दाब थोडा वाढवला. रात्री साडेबारापर्यंत चाळीस शर्ट काढले. एकही गेला नाही. पुढच्या आठवड्यात नवा क्लँप आणला, त्याची किंमत मिस्त्रीच्या येण्याजाण्याच्या भाड्यापेक्षा कमी होती.

सकाळी भावजींनी आधी पत्रिका बघितल्या. जावयाच्या नावाला भोक पाडलं म्हणून जे ओरडले ते ओरडले. मशीन कशी सुधारली हे विचारलंच नाही. चौसष्ट शर्टांचे हप्ते दिवाळीपर्यंत चालू राहिले. आणि पुढे कुणी विषय काढला की सांगायचे, मुंबईच्या मिस्त्रीने धार लावून दिली म्हणून मशीन चालली. आजही सांगतात.

त्यांना मी एक गोष्ट ऐकवायला हवी होती, तेव्हा मला माहीत नव्हती. ज्या नागमोडी टाक्यावर हे सगळं काज उभं आहे, त्या टाक्याच्या मशीनचं एक सुरुवातीचं पेटंट १८७३ साली अमेरिकेत हेलन ब्लँचार्ड नावाच्या बाईने घेतलं. सूटच्या कोटाचं गोल डोळ्याचं, म्हणजे एका टोकाला गोल भोक असलेलं, काज करणारी जॉन रीसची बॉस्टनची मशीन त्यानंतरची, १८८१ ची. म्हणजे बाईने मशीन उघडली होती, भावजी, तुमच्या पणजोबांच्या आधी.

कोटाच्या काजावरून आठवलं. तुम्ही "काज मशीन" म्हणताना शर्टाचीच म्हणता ना? कारण डोळ्याच्या काजाची मशीन ही निराळी जात आहे. तिच्यात डोळ्याभोवती वळताना वरची सुई आणि खालचे लूपर, म्हणजे खालचा दोरा गुंतवणारे आकडे, दोघं एकत्र फिरतात, कडेखाली जाड दोरी भरली जाते, आणि आधी कापून मग शिवायचीही सोय असते, आईच्या हातासारखी. तिथे टाके कापले जाण्याची कारणं वेगळी. त्यावर मी बोलणार नाही.

आता कॉम्प्युटरच्या मशीनचं. जुकीच्या एलबीएच-१७९० सारख्या मशीनमध्ये कापड सरकवणं आणि सुईचा झोका कॅमऐवजी वेगळ्या मोटरी सांभाळतात. काजाची लांबी, टाके, दोन कडांमधली फट सगळं बटणांवर बदलतं, गिअर काढायला नको. सुरीपेक्षा लांब काज हवं असेल तर तीच सुरी पुन्हा पुन्हा पाडून कापता येतं. रोज पाच प्रकारचा माल असेल तर घ्या, वेळ वाचेल. पण एकाच मापाचे शर्ट वर्षभर काढत असाल तर मला त्यात काही अर्थ दिसत नाही. आणि तुमचा आत्ताचा प्रश्न तिने सुटणार नाही. क्लँप तिथेही लोखंडाचाच आहे, तिथेही झिजतो. कापड सरकलंय हे तिच्या स्क्रीनवर उमटत नाही.

घरच्या झिगझॅग मशीनच्या चार टप्प्यांच्या काजाला मी काज म्हणत नाही, ज्यांना राग येईल त्यांना येवो. त्यापेक्षा जुन्या काळ्या मशीनला लावायचा सिंगरचा काजाचा जोड बरा. त्यात सुई सरळ खालीवर होते आणि आतल्या पत्र्याच्या साच्याप्रमाणे जोड स्वतः कापड डावी-उजवीकडे हलवतो. कापडाची पकड किती महत्त्वाची हे त्यावर शिकता येतं. कापायचं मात्र हाताने, आणि तिथे सगळ्यांचा हात हलतो.

थोडं उलटंही सांगते, नाहीतर उद्या म्हणाल बाईने फसवलं. काजपट्टीत फ्युजिंगच, म्हणजे आतून चिकटवायचं कडक अस्तरच, नसेल, किंवा स्वस्तातला कागदी माल भरला असेल, तर नवा क्लँपही काही करणार नाही, पट्टी मऊ असली की कापड जाणारच. वाकडी सुईसुद्धा कड आत ओढते. सुरी काजापेक्षा लांब बसवली असेल तर ती टोकाचे आडवे टाके कापते, कडेचे नाही, तो प्रकार निराळा आणि त्याला खरंच सुरी बदलावी लागते. अठरा नंबरच्या बटणाला, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटरच्या, अर्ध्या इंचाची सुरी आम्ही वापरायचो. आणि हो, कधीतरी सुरीचा दांडा खरोखर ढिला झालेला असतो, मीही एकदा पाहिलाय. पॉलिश पेपर हा तात्पुरता उपाय आहे, त्याचे कण कापडावर उतरतात, पांढऱ्या शर्टावर लगेच दिसतात.

तुम्ही फोटो टाकलाय त्यात उसवलेली कड दिसते, पण ती आधीची की नंतरची ते कळत नाही. मशीन हाताने फिरवून बघा सुई पहिल्यांदा कुठल्या बाजूला जाते, मग बाद झालेले दहा शर्ट समोर घ्या आणि कुठली कड गेली ते इथे लिहा.