पाणलोटावरचा शालेय प्रकल्प: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद आणि तशाच इतर स्पर्धांसाठी गावातल्या ओढ्या-नाल्यांवर प्रकल्प करणाऱ्या मुलांचे, शिक्षकांचे आणि पालकांचे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

आमच्या मुलांनी ‘गावाचा पाणलोट’ हा विषय घेतलाय. तलाठ्यांकडून गावनकाशा मिळाला. आता पुढे काय करायचं?
*– शिक्षिका, सिन्नर तालुका*

गावनकाशा जपून ठेवा, विहिरींचे गट नंबर शोधायला तो लागेल. पण पाणलोटाची हद्द त्यावर सापडणार नाही. ती डोंगराच्या धारेवरून जाते आणि बहुतेक वेळा शेजारच्या गावांच्या शिवारातही शिरते.

सुरुवात खालून करा. ओढ्यावरची एक पक्की जागा ठरवा: मोरी, फरशी पूल किंवा जुना बंधारा. ज्या जमिनीवरचं पाणी त्या जागेतून पुढे जातं, तेवढाच तुमचा पाणलोट. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर उंचीच्या समान रेषा असतात, सहसा २० मीटरच्या अंतराने. ओढा ओलांडताना या रेषांचं टोक चढाच्या बाजूला वळतं आणि धारेवर ते उताराच्या बाजूला येतं. एवढं कळलं की सातवीतली मुलंसुद्धा पेन्सिलीने धार आखतात. मग त्यांना त्या धारेवरून चालवा. पाऊस पडत असताना कुठलं पाणी इकडे येतं आणि कुठलं पलीकडे जातं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं मूल ते विसरत नाही.

क्षेत्र लहान घ्या. दोनशे हेक्टर भरपूर झाले. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी. त्या हिशेबाने १५० हेक्टरवर २० मिलिमीटरची एक सर म्हणजे ३ कोटी लिटर! त्यातलं वाहून किती गेलं, मुरलं किती, हा प्रश्न मुलं मग आपणहून विचारतात. प्रकल्प खरा तिथून सुरू होतो. पावसाची नोंद रोज सकाळी साडेआठला घ्या. हवामान खात्याचीही वेळ हीच आहे, त्यामुळे आकडे ताडून पाहता येतात.

मी नववीत आहे, पुण्यात सहकारनगरला राहतो. आमच्याकडे शेत नाही, टेकडी लांब आहे. मग पाणलोटावर प्रकल्प कसा करू?
*– विद्यार्थी, पुणे*

तू पाणलोटातच राहतोस. तुझ्या भागातून आंबिल ओढा वाहतो. तो कात्रजच्या डोंगरातून येतो आणि मुठेला मिळतो. त्याच ओढ्यावरच्या कात्रज तलावातून पेशवाईत नळ बांधून शहरात पाणी आणलं होतं. आणि २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री याच ओढ्याच्या पुराने माणसांचे जीव गेले. यापेक्षा जवळचा विषय कुठला हवा?

तुझ्या गल्लीतलं पावसाचं पाणी कुठल्या जाळीतून कुठे जातं, ते शोध. सोसायटीच्या आवारात काँक्रीट, फरशी आणि उघडी माती किती चौरस मीटर आहे, ते टेपने मोज. घरातल्या आणि शेजारपाजारच्या मोठ्यांना विचार, पूर्वी ओढ्याचं पात्र कुठवर होतं. एक अट मात्र पाळायचीच: पाणी चढलेलं असताना ओढ्याच्या काठावर जायचं नाही. पातळी कळावी म्हणून पुलाच्या खांबावर आधी खूण करून ठेवायची आणि पूर ओसरल्यावर गाळाची रेघ मोजायची.

आमच्या मुलांनी श्रमदानाने वनराई बंधारा (माती भरलेल्या पोत्यांचा कच्चा बांध) बांधला. तरी बक्षीस दिवे लागणाऱ्या मॉडेलला गेलं. परीक्षक नेमकं बघतात तरी काय?
*– शिक्षक, माण तालुका*

तुमच्या मुलांच्या घामाला मोल आहेच, आणि दिव्यांना भुलणारे परीक्षक असतात, हेही खरं. पण तुम्ही पाठवलेला अहवाल मी वाचला. त्यात बंधाऱ्याचे फोटो आहेत, भाषणं आहेत. बंधाऱ्याने काय बदललं याचा एकही आकडा नाही. ‘विहिरींचं पाणी वाढलं’ असं एक वाक्य आहे. किती वाढलं? आणि ते बंधाऱ्यामुळे वाढलं की परतीच्या पावसामुळे?

याचं उत्तर मिळवणं अवघड नाही. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाच्या तीन-चार विहिरी निवडा आणि त्याच ओढ्यावर, पण बंधाऱ्याच्या बऱ्याच वर असलेल्या दोन. सगळ्यांच्या कठड्यावर रंगाने खूण करा आणि दर आठवड्याला तिथूनच दोरीने पाणी मोजा, तेही सकाळी, मोटार सुरू होण्याआधी. विहिरीत वाकायचं काम मोठ्यांनी करायचं, नोंद मुलांनी. पाऊस दोन्हीकडे सारखाच. तरीही खालच्या विहिरींची पातळी सावकाश उतरली, तर बंधाऱ्याबद्दल बोलायला तुमच्याकडे पुरावा आहे.

फरक दिसला नाही, तर तेही लिहा. आपल्याकडचा बेसॉल्ट खडक थराथरांचा आहे. वर मुरूम असेल तर पाणी झटकन मुरतं. काळा पाषाण उघडा पडला असेल तर बंधारा भरलेला दिसतो आणि विहीर कोरडीच राहते. विहीर खणणाऱ्या जाणत्या माणसाला मुलांनी भेटावं, कुठल्या खोलीवर काय लागलं ते विचारावं. असा ‘फसलेला’ प्रकल्प मी फोटोंच्या अहवालापेक्षा नेहमीच वर ठेवीन.

मुलीच्या प्रकल्पाचा अहवाल आम्हीच लिहून दिला तर चालेल का? वेळ फार कमी आहे.
*– पालक, ठाणे*

नाही. टंकलेखनाला मदत करा, नोंदी तिच्याच हव्यात. चिखलाचे डाग पडलेली वही अहवालाला जोडा.

आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी एप्रिलमध्ये टँकर येतो. बंधारे मोजायचे की आणखी काही?
*– विद्यार्थिनी, कणकवली तालुका*

तुमच्याकडे झरे मोजा. कोकणातला जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून लवकर आत जातं आणि सड्याच्या (जांभ्याच्या सपाट माथ्याच्या) कडेला, खाली घट्ट थर लागतो तिथे, झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. म्हणजे मुरण्यापेक्षा साठून राहण्याची अडचण मोठी.

बादली आणि घड्याळ पुरे. १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली, तर झरा दिवसाला २१,६०० लिटर देतो. ऑक्टोबरपासून मेपर्यंत दर पंधरा दिवसांनी हे मोजलंस, तर झरा कुठल्या महिन्यात आटतो ते आलेखावर दिसेल. त्याच्या वरच्या सड्यावर काय चाललंय, चिरेखाण आहे का, झाडं तुटली का, याची नोंदही शेजारी ठेव. हे आकडे पुढे ग्रामसभेत मांड.

केंद्रातल्या शाळांसाठी अशी स्पर्धा घ्यायची आहे. नियम कसे ठेवावेत?
*– केंद्रप्रमुख, जिल्हा परिषद शाळा*

फार चांगला विचार आहे. दोन उदाहरणं समोर ठेवा. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. पहिल्या वर्षी कोरेगावातलं वेळू गाव जिंकलं. तिथे गावांनी प्रत्यक्ष केलेल्या कामाला गुण होते. दुसरं, अमेरिकेत १९७९मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरू झालेली आणि आता एन्व्हायरोथॉन म्हणून ओळखली जाणारी शालेय स्पर्धा. तिच्यात मुलांचे संघ माती, पाणी, जंगल आणि वन्यजीव यांवरचे प्रश्न उघड्यावर, प्रत्यक्ष जागेवर सोडवतात.

माझी सूचना अशी. एका ओढ्यावरच्या सगळ्या शाळांचा मिळून एक संघ करा, म्हणजे माथ्यावरच्या वाडीतली मुलं आणि पायथ्याच्या गावातली मुलं एकमेकांचे आकडे वापरतील. सुरुवात जूनमध्ये, निकाल पुढच्या मे महिन्यात. निम्मे गुण नोंदवहीला द्या, आणि परीक्षण सभागृहात न घेता ओढ्यावर घ्या. बक्षिसात ढालीऐवजी पर्जन्यमापक द्या. दुसऱ्या वर्षी त्याच ओढ्याच्या जुन्या नोंदी पुढच्या तुकडीकडे सोपवायची तरतूद नियमांतच लिहून ठेवा.