बाजार खुला झाला, मग सरकार का आकसले नाही?

प्रश्न : १९९१ नंतर आयातशुल्के उतरली, परवाने गेले, तेव्हा सरकारचा पसारा आपोआप आवरेल असे वाटले होते. प्रत्यक्षात रोजगार हमीसारखे खर्च वाढलेलेच दिसतात. खुलेपणाचा आणि सरकारच्या आकाराचा संबंध नेमका कसा आहे?
– एक वाचक, अंधेरी (पूर्व)

उत्तर : ज्या देशाचा व्यापार अर्थव्यवस्थेच्या मानाने मोठा त्याचे सरकारही मोठे, असे राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड कॅमेरॉन यांनी १९७८ मध्ये १८ प्रगत देशांबाबत दाखवले आणि १९९८ मध्ये अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक यांना विकसनशील देश जमेस धरूनही तोच कल आढळला. रॉड्रिक यांचे स्पष्टीकरण जोखमीवर आधारलेले आहे. आपल्या शेजारच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातच पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवरील अतिरिक्त शुल्क ५० टक्क्यांवर नेले. अमेरिकी गिऱ्हाइकासाठी दागिने घडवणाऱ्या कारागिराचा त्या निर्णयाशी काडीचाही संबंध नव्हता, तरी ऑर्डर अडकली की पहिला ओव्हरटाइम त्याचाच बुडतो. अशा धक्क्यांपासून लोक सरकारकडे आडोसा मागतात. बेकारभत्ता देण्याइतकी नोंदव्यवस्था नसलेल्या देशांत तो आडोसा बहुधा सरकारी नोकरीच्या रूपाने मिळतो (मुलगा सरकारी नोकरीत आहे म्हटल्यावर मुलीकडची मंडळी पुढचे प्रश्न विचारत नाहीत, ते उगाच नव्हे).

मात्र मागणी वाढली म्हणून तिजोरी भरत नाही. न्हावा शेवाला उतरलेल्या कंटेनरवरचे शुल्क बंदराच्या फाटकातच वसूल होते. तेवढीच रक्कम मशीद बंदरच्या गाळ्यागाळ्यांतून गोळा करणे फार कष्टाचे असते. आपण १९९४ मध्ये सेवाकर आणि २०१७ मध्ये जीएसटी आणून ती वाट धरली, पण शुल्क उतरवल्यावर झालेली तूट अनेक गरीब देशांना देशांतर्गत करांतून भरून काढता आली नाही.

शिवाय हा संबंध सरसकट कार्यकारणाचा मानू नये. अलेसिना आणि वॅक्झियार्ग या अर्थतज्ज्ञांनी दाखवल्याप्रमाणे लहान देशांना व्यापाराविना गत्यंतर नसते आणि राज्यकारभाराचा ठरावीक खर्चही मोजक्या माणसांवर पडतो. म्हणजे दोन्ही गोष्टींचे मूळ काही अंशी देशाच्या लहानपणात असते. आपले रोजगार हमीचे उदाहरणही थोडे तपासून घ्यावे लागेल. केंद्राचा कायदा २००५ मध्ये झाला असला, तरी महाराष्ट्राने ही योजना १९७२ च्या दुष्काळात उभी केली, आणि तेव्हा देशाची दारे जवळजवळ बंदच होती.