पिटाच्या खिशात काय भरावे?

पिटा (आतून खिशासारखी उघडणारी पश्चिम आशियाई रोटी) प्रथमच भरणार असाल, तर फलाफलच्या (वाटलेल्या चण्यांच्या तळलेल्या गोळ्यांच्या) आधी साबीख करून पाहावे, असे मी सुचवेन. इराकी ज्यूंच्या शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) सकाळच्या न्याहारीतून आलेला आणि इस्रायलमध्ये रस्तोरस्ती मिळू लागलेला हा प्रकार म्हणजे वांग्याचे तळलेले काप, उकडलेले अंडे, हुमुस (शिजवून वाटलेल्या काबुली चण्यांचे मऊसर वाटण), ताहिनी (तिळाचे पातळसर वाटण) आणि काकडी-टोमॅटोची बारीक चिरलेली कोशिंबीर. त्यावर हळद-मेथी घातलेले कैरीचे आंबट 'अंबा' हवेच. नावात आपलाच आंबा असल्याने चव अनोळखी वाटत नाही. वांग्याच्या कापांना मीठ लावून अर्धा तास ठेवावे आणि सुटलेले पाणी टिपूनच ते तळावेत, अन्यथा ते तेलकट होतात.

फलाफलसाठी काबुली चणे रात्रभर भिजवून कच्चेच जाडसर वाटावेत. मी पहिल्यांदा ते शिजवून वाटले आणि सगळे गोळे कढईत विरघळले.

भरण्यापूर्वी पिटा गरम करावा, कारण गार पिटा उघडताना हमखास फाटतो. ताहिनी आतून दोन्ही बाजूंना लावावी. कोशिंबीर मात्र निथळून, अगदी शेवटी भरावी.