अंथरुणावर पडल्यावर तासतासभर झोप येत नाही. मोबाइलवर पाहून ४-७-८ श्वसन केलं, तर डोळे टक्क उघडेच राहिले. श्वासाच्या व्यायामाने खरंच फरक पडतो का?

पडतो. पण तुम्ही म्हणता तसं, ४-७-८ करायला गेलो आणि डोळे टक्क उघडे राहिले, हे माझंही झालंय.

चार आकडे श्वास घ्यायचा, सात रोखायचा, आठ सोडायचा. म्हणजे एका श्वासाला १९ सेकंद, मिनिटाला जेमतेम तीन श्वास. एरवी आपण १२ ते २० घेतो. सवय नसताना एकदम तिथे गेलं की जीव कासावीस होतो, मग झोप कुठली! (ही पद्धत अँड्र्यू वाइल या अमेरिकी डॉक्टरांनी लोकप्रिय केली, तीही प्राणायामावरूनच. आपलाच माल मोबाइलमधून घरपोच.)

मी पुण्यात नारायण पेठेत राहतो, नदीच्या अंगाला. गणपतीआधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की तो थांबल्यावरही ठेका डोक्यात वाजत राहतो. एका रात्री लक्षात आलं, मी आकडे त्या ठेक्यावरच मोजतोय! आत्याला सांगितलं तर म्हणाली, "रोखतोस कशाला? नुसता सावकाश सोड की."

तिचं बरोबर होतं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून सोडणं लांबवायचं. मी चार आकड्यांत घेतो, सहात सोडतो, नाकानेच, पोटावर हात ठेवून. जमेना तर तीन-पाच करा. मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगार योग संस्थेच्या पद्धतीत सुरुवातीचा प्राणायाम पडूनच करवतात, पाठीखाली ब्लँकेटची घडी घेऊन. तेवढ्यानेही छाती मोकळी होते.

आडवं होण्याआधी बसून पाच-सात वेळा भ्रामरीही करतो, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडतो. पहिल्या दिवशी बायकोने आतून विचारलं, "फ्रिज बिघडला का?"

कपालभाती, भस्त्रिका हे जोरजोरात श्वासाचे प्रकार रात्री नकोत, त्यांनी तरतरी येते. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर श्वास रोखण्याच्या भानगडीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय पडू नका. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं असेल तर हे व्यायाम पुरणार नाहीत, तपासणीच करून घ्या.

आणि 'आली का झोप?' असं स्वतःला विचारत बसू नका. वीसेक मिनिटं गेलीत असं वाटलं तर सरळ उठा, मंद उजेडात दुसऱ्या खोलीत बसा, पेंग आली की परत या. घड्याळ मी भिंतीकडे तोंड करून ठेवलंय.

मला पहिला आठवडा काहीच जाणवलं नाही. आता श्वास मोजता मोजता बहुतेक विसाच्या आतच झोप लागते.

एक राहिलंच. संध्याकाळी सातचा अमृततुल्यमधला चहा बंद करा. त्यातलं जवळपास निम्मं कॅफीन रात्री बाराला अंगातच असतं. हे मला सगळ्यात शेवटी सुचलं, आणि सोडायला सगळ्यात जड तेच गेलं.