वाचकांचे प्रश्न : उणे टक्के, क्यूसेक आणि भीमेचा पूर

प्रश्न : उन्हाळ्यात ‘उजनी उणे 40 टक्के’ अशी बातमी येते. शून्याच्या खाली पाणी राहतेच कसे? (वाचक, कुर्डुवाडी)

उत्तर : शून्य टक्के म्हणजे कोरडे धरण नव्हे. बातमीतली टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. भीमेवरच्या उजनी धरणात एकूण 117.23 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. त्यातले 63.66 टीएमसी मृतसाठ्यात धरले जाते, उरलेले 53.57 टीएमसी उपयुक्त. पातळी 491.03 मीटरवर आली की उपयुक्त साठा संपतो आणि टक्केवारी शून्य होते. त्या दिवशीही निम्म्याहून जास्त पाणी धरणातच असते. मृतसाठा एवढा मोठा दिसतो, कारण कालव्याचे पाणी उताराने लांबच्या रानापर्यंत न्यायचे तर त्याचे तोंड उंचावर ठेवावे लागते. त्या तोंडाखालचे पाणी कालव्याच्या उपयोगाचे नाही, म्हणून ते ‘मृत’.

हिशेब घरी करता येतो. उजनीचा एक टक्का म्हणजे 0.5357 टीएमसी. उणे 40 म्हणजे 40 गुणिले 0.5357, साधारण 21.43. हे 63.66 मधून वजा केले की 42.23 टीएमसी शिल्लक. 2024 च्या जूनमध्ये पातळी उणे 60 च्या जवळ गेली होती, तेव्हा सुमारे साडेएकतीस टीएमसी उरले होते. पावसाळ्यानंतर ‘111 टक्के’ छापून येते, तेही चुकीचे नसते. 496.83 मीटर ही पूर्ण पातळी. दारे बंद करून त्याच्या वर आणखी अर्धा मीटर पाणी अडवले की एकूण साठा 123 टीएमसीपर्यंत जातो.

मात्र उणेतला आकडा पाहून निर्धास्त राहू नये. या साठ्यात गाळही धरलेला आहे, त्यामुळे कागदावरचे सगळे पाणी हाती लागत नाही. काठ मागे सरकतो, मोटारी उघड्या पडतात, शेतकऱ्यांना पाइप वाढवावे लागतात नाहीतर चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणावे लागते. सोलापूर शहरासाठी धरणातून पाणी उचलणाऱ्या उपसा विहिरीचेही तेच होते. पाणी आपसूक विहिरीत येत नाही, आधी एकदा उपसून तिच्यात टाकावे लागते. यालाच दुबार पंपिंग म्हणतात. आणखी खाली गेले की तिबार. दर टप्प्याला विजेचा खर्च वाढतो, आणि पाणी जितके गढूळ तितकी तुरटी जास्त लागते.

प्रश्न : दौंडची आवक क्यूसेकमध्ये सांगतात. त्यावरून धरण किती भरेल, हे कसे काढायचे? (वाचक, टेंभुर्णी)

उत्तर : दौंडची आवक म्हणजे उजनीच्या वर, दौंडजवळ भीमेत मोजलेला प्रवाह. क्यूसेक हा वेग आहे, टीएमसी हा साठा. दोन्हींची गल्लत झाली की गावभर चुकीचे अंदाज फिरतात. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28.3 लिटर. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे 2,831 कोटी लिटर. दिवसाचे सेकंद 86,400. म्हणून 11,574 क्यूसेकची आवक सलग चोवीस तास टिकली तर एक टीएमसी जमा होते.

दौंडला 25,000 क्यूसेक दिवसभर राहिले तर 2.16 टीएमसी, म्हणजे सुमारे चार टक्के वाढ. त्याच वेगाने शून्यापासून शंभरपर्यंत यायला 25 दिवस लागतील. सकाळी 40,000 आणि रात्री 8,000 असे असेल तर सकाळचा आकडा धरून दिवसाचा हिशेब करू नका. दर काही तासांचे आकडे घेऊन सरासरी काढा. पुण्यात बंडगार्डनला दिसणारा विसर्ग फक्त मुळा-मुठेचा असतो. त्यात वरची भीमा, इंद्रायणी, भामा, घोड यांचे पाणी मिळून दौंडचा आकडा होतो. त्यामुळे बंडगार्डन आणि दौंड यांची बेरीज करू नये, तेच पाणी दोनदा मोजले जाते. ही चूक फार जण करतात.

प्रश्न : उजनीतून विसर्ग कमी केला तरी पंढरपुरात पाणी चढते. असे का? (वाचक, पंढरपूर)

उत्तर : नीरेमुळे. नीरा नरसिंहपूरला भीमेत मिळते, आणि हा संगम उजनीच्या खाली, पंढरपूरच्या वर आहे. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी ही धरणे भरली की त्यांचे पाणी वीर धरणात येते आणि वीरमधून सोडलेले पाणी उजनीला वळसा घालून थेट पंढरपूरकडे निघते. उजनीची दारे सगळी बंद असली तरी ते अडत नाही. म्हणून पंढरपूरकरांनी उजनी आणि वीर हे दोन्ही आकडे रोज पाहावेत.

उजनी आणि वीर या दोन्हींचे लोंढे एकाच वेळी संगमावर पोहोचले की खरा धोका. म्हणूनच कधी कधी वीरचा विसर्ग वाढला की उजनीचा आवरता घेतात, धरणात जागा असेल तर. जागाच उरली नसेल तर हा उपाय हातात राहत नाही. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धरण काठोकाठ भरून ठेवायचे की पोटात थोडी जागा राखायची, हा निर्णय सर्वांत अवघड. वाळवंटात, म्हणजे नदीपात्रातल्या वाळूत, उतरणाऱ्यांनी आणि जुन्या दगडी पुलावरून जाणाऱ्यांनी पाणी ‘अजून लांब आहे’ असे धरून चालू नये, पात्र सपाट असल्याने ते पसरते झपाट्याने.

प्रश्न : सोलापूर शहराला नदीतून पाणी सोडणे म्हणजे नासाडी, असे म्हणतात. खरे आहे का? (वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे. दहा लाख लोकांना माणशी 135 लिटर धरले तर दिवसाला साडेतेरा कोटी लिटर आणि वर्षाला जेमतेम पावणेदोन टीएमसी होते. पण भीमेवर टाकळीला शहरासाठी जिथे पाणी उपसतात, तिथपर्यंत नदीने पाणी आणायचे तर आधी तापलेले पात्र भिजते, वाटेतले बंधारे भरतात, उन्हाने वाफ होते, दोन्ही काठांच्या मोटारी चालतात. एक चौरस किलोमीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडाले तरी दहा लाख लिटर गेले. शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी एकेका आवर्तनात (एका वेळच्या सोडण्यात) सोडावे लागते ते यामुळे. उजनीपासूनच्या जलवाहिनीत ही गळती टळते. मात्र नदीकाठच्या गावांच्या विहिरींना या आवर्तनाचाच आधार असतो, हेही विसरता कामा नये.

प्रश्न : चंद्रभागा आणि भीमा वेगळ्या नद्या आहेत का? (वाचक, मंगळवेढा)

उत्तर : नाहीत. पंढरपुरात भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथे ती चंद्रभागा. भीमाशंकरपासून रायचूरजवळ कृष्णेला मिळेपर्यंत सुमारे 861 किलोमीटर ती भीमाच.

प्रश्न : सीना भीमेला कुठे मिळते? पाहण्यासारखे काही आहे का? (वाचक, अक्कलकोट)

उत्तर : दक्षिण सोलापूर तालुक्यात, हत्तरसंग कुडलला. संगमेश्वर मंदिरात शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा लेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत तो गणला जातो. त्यात ‘वाछि तो विजेया होईवा’ अशी ओळ आहे, म्हणजे जो हे वाचेल तो विजयी होवो. शेजारी हरिहरेश्वराचे मंदिर आणि असंख्य मुखे कोरलेले शिवलिंगही आहे. हिवाळ्यात जावे. पावसाळ्यात दोन्ही नद्यांना एकदम पाणी आले तर काठाकडे जाऊ नये.