आजोबांच्या ट्रंकेतील ‘जपानी रुपये’ कसे ओळखावेत?

आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या नोटांवर इंग्रजीत जपान सरकारचे नाव असूनही मूल्य रुपयांत का आहे, त्यांवर अनुक्रमांक का नाही आणि आज त्यांना काय किंमत येईल, असे आपण विचारले आहे. आपल्या वर्णनावरून या नोटा दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्रह्मदेशात चालवण्यासाठी छापलेल्या आहेत.

१९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत असल्यामुळे तेथे रुपया रुळलेला होता, आणि १९४२ मध्ये तो मुलूख ताब्यात घेतल्यावर जपान्यांनी लोकांच्या सवयीचे तेच नाव ठेवून स्वतःचा कागद बाजारात आणला. मलायात त्यांनी डॉलर छापले, फिलिपिन्समध्ये पेसो. म्हणून अशी नोट ओळखताना चित्रापेक्षा अक्षरांकडे आधी पाहावे. अनुक्रमांकाच्या जागी जी दोन-तीन अक्षरे असतात, त्यांतले पहिले अक्षर प्रदेश सांगते: ‘बी’ म्हणजे ब्रह्मदेश, ‘एम’ म्हणजे मलाया, ‘पी’ म्हणजे फिलिपिन्स. या नोटांवर छपाईचे वर्षही नसते, त्यामुळे ते शोधण्यात वेळ घालवू नये.

किमतीबाबत मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. या नोटांमागे सोन्याचांदीचा आधार नव्हता, त्या बेसुमार छापल्या गेल्या आणि १९४५ मध्ये ब्रिटिश परतल्यावर रद्दी ठरल्या. त्यामुळे त्या आजही विपुल मिळतात आणि ब्रह्मदेशाची साधी दहा रुपयांची नोट संग्राहकांकडे अल्प किमतीतच जाते. मलायाच्या सुरुवातीच्या काही नोटांवर मात्र खरा अनुक्रमांक असतो. त्या तुलनेने दुर्मीळ आहेत.

आजोबा सैन्यात होते, असे आपण लिहिले आहे, म्हणून बाकीचा गठ्ठाही नीट तपासावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. रिझर्व्ह बँकेची, सहावे जॉर्ज यांचे चित्र असलेली नोट दिसली, तर तिच्यावर ब्रह्मदेशाच्या लष्करी प्रशासनाचे नाव आणि ‘केवळ ब्रह्मदेशात वैध’ असा इंग्रजी मजकूर जादा छापलेला आहे का, ते पाहावे. संग्राहक अशा नोटा जपानी नोटांपेक्षा अधिक आस्थेने शोधतात. मराठा पलटणी इटलीतही लढल्या होत्या. तेथे दोस्त सैन्याने चालवलेल्या लिरांच्या नोटांवर इंग्रजीत ‘मालिका १९४३’ असे छापलेले असते, आणि त्या ओळखायला फार सोप्या आहेत.

नोटा लॅमिनेट करू नयेत, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये आणि घडी इस्त्रीने मोडू नये. आजोबांचे सेवापुस्तक किंवा पलटणीचे कागद हाती असतील तर ते नोटांसोबतच ठेवावेत, कारण कोणती नोट कोणत्या आघाडीवरून घरी आली, हे त्यांवरूनच पडताळता येईल.