दुपारी बंद पडणारा इन्व्हर्टर आणि इतर प्रश्न

प्रश्न : घरावर 5 किलोवॉटचा सिंगल फेज सोलर इन्व्हर्टर आहे. सकाळी नीट चालतो, पण 11 ते 3 या वेळेत ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवून सारखा बंद पडतो. घर डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) सुमारे 300 मीटरवर, शेवटच्या खांबाजवळ आहे. बसवणारे म्हणतात, सेटिंगमधली मर्यादा वाढवून देतो. वाढवू का? (सांगली जिल्हा)

उत्तर : नको. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमानुसार व्होल्टेज 230 च्या 110 टक्क्यांवर, म्हणजे 253 च्या वर गेले की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत ग्रिडपासून सुटायलाच हवे. मर्यादा वाढवली तर तेच वाढीव व्होल्टेज तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या फ्रिजवर, पंपावर जाईल. इन्व्हर्टर बरोबर वागतो आहे. दोष तारेत शोधा.

हिशेब असा. इन्व्हर्टर वीज लाइनीत ढकलतो तेव्हा तारेच्या रोधामुळे त्याच्या टोकाला व्होल्टेज वाढते. 5 किलोवॉट म्हणजे सुमारे 21 अँपिअर. 300 मीटर वीझल कंडक्टर (खांबांवरची बारीक अॅल्युमिनियम तार) असेल तर जाऊन-येऊन 600 मीटरचा रोध साधारण 0.56 ओम, म्हणजे 12 व्होल्टची वाढ. खांबापासून घरापर्यंत 40 मीटर, 4 चौरस मिमी अॅल्युमिनियमची सर्व्हिस वायर असेल तर आणखी 12 व्होल्ट. त्यात आपल्या डीपीचे बिनभाराचे व्होल्टेज 433, म्हणजे फेजला 250! दुपारी वस्तीत भार कमी असतो, त्यामुळे वर जागाच उरत नाही. त्याच फेजवर शेजाऱ्याचेही सोलर असेल तर लाइनीतली वाढ आणखी होते.

स्वच्छ उन्हात, पूर्ण निर्मिती सुरू असताना, माहीतगार वायरमनकडून मीटरनंतरच्या मेन स्विचवर आणि इन्व्हर्टरच्या टोकांवर व्होल्टेज मोजून घ्या. मग इन्व्हर्टर थांबवून लगेच पुन्हा मोजा. थांबवल्यावरही मेन स्विचवर 248-250 दिसले तर डीपीचा टॅप (व्होल्टेज पायरीपायरीने कमी-जास्त करायची सोय) पाहावा लागेल. चालू-बंदमध्ये मेन स्विचवरच 15-20 व्होल्टचा फरक पडला तर सर्व्हिस वायर, लाइन किंवा खांबावरचा ढिला, काळवंडलेला जोड. चालू असताना मेन स्विच ते इन्व्हर्टर तीन व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तुमचीच केबल बारीक आहे. आणि दुसऱ्या फेजवर भार चढला की तुमचे व्होल्टेज उसळत असेल, तर न्यूट्रल सुटत चालला आहे. तेव्हा वाट पाहू नका, त्याच दिवशी वीज कंपनीला कळवा.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे 16 चौरस मिमीची सर्व्हिस वायर. 12 व्होल्टची वाढ तीनवर येते. टॅप एक पायरी खाली घेतला तर सुमारे सहा व्होल्ट कमी होतात, पण ते काम डीपी बंद करून कंपनीच्या कर्मचाऱ्यांनीच करायचे, आणि संध्याकाळी शेवटच्या घरांना दिवे मंद मिळणार नाहीत ना, हेही पाहायचे. थ्री फेज जोडणी असेल तर थ्री फेज इन्व्हर्टर घ्याच. प्रत्येक तारेत सात अँपिअर आणि न्यूट्रलमध्ये जवळजवळ काहीच नाही, म्हणून लाइनीतली वाढ 12 वरून दोन व्होल्टवर, एक षष्ठांशावर येते.

‘व्होल्ट-व्हार’ सेटिंगकडून, म्हणजे व्होल्टेज उतरवायला रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता तारेत ये-जा करणारी वीज) ओढण्याकडून, फार अपेक्षा ठेवू नका. 0.9 पॉवर फॅक्टरने रिअॅक्टिव्ह पॉवर ओढली तरी या लाइनीवर जेमतेम दोन व्होल्ट उतरतात, कारण बारीक एलटी (कमी दाबाच्या) तारेत रोध जास्त आणि रिअॅक्टन्स (एसी करंटला तारेचा चुंबकीय विरोध) कमी. ‘व्होल्ट-वॉट’ मात्र कंपनीच्या संमतीने चालू करून घ्या : इन्व्हर्टर पूर्ण सुटण्याऐवजी निर्मिती हळूहळू कमी करतो.

प्रश्न : दोन फीडरच्या (वीज वाटपाच्या लाइनींच्या) टोकांमधला स्विच नेहमी उघडा ठेवतात. तिथे ‘सॉफ्ट ओपन पॉइंट’ बसवला तर स्विच जोडण्याहून वेगळे काय होते? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : स्विच जोडला की वीज किती आणि कुठे वाहील हे तारा ठरवतात. एका फीडरवर फॉल्ट झाला तर दुसराही त्याला करंट पुरवतो. सॉफ्ट ओपन पॉइंटमध्ये एसी-डीसी बदल करणारे दोन कन्व्हर्टर पाठीला पाठ लावून, मध्ये डीसी कपॅसिटर ठेवून बसवतात. इकडची किलोवॉट हवी तेवढी तिकडे जातात, उलटही येतात. रिअॅक्टिव्ह पॉवर डीसीतून पलीकडे जात नाही, म्हणून ती प्रत्येक टोकाला स्वतंत्र ठरवता येते. रिअॅक्टिव्ह पॉवरही पलीकडे जाते, असा गोंधळ होतो तो इथेच. फॉल्टच्या वेळी आयजीबीटीचे (कन्व्हर्टरमधल्या इलेक्ट्रॉनिक स्विचचे) नियंत्रण करंट जवळपास रेटिंगइतकाच ठेवते. इंग्लंडमध्ये सॉमरसेटमधील एक्सब्रिज येथे असाच 33 केव्ही, 20 एमव्हीएचा दुवा उभारला गेला आहे.

किंमत मोजावी लागते ती विजेच्या नुकसानीत : दोन्ही बाजू मिळून साधारण 2 ते 4 टक्के. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतील तर तापमान 10 अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य जवळपास निम्मे होते, म्हणून पंख्यांच्या जाळीतली धूळ ही क्षुल्लक गोष्ट नाही.

प्रश्न : साइझिंग युनिटमध्ये (सुताला खळ देण्याच्या कारखान्यात) 200 केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर 90 केव्हीएआरचे कपॅसिटर आहेत. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) बसवल्यापासून फ्यूज जातात, कपॅसिटर फुगतात. (इचलकरंजी)

उत्तर : ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स 4.5 टक्के धरला तर शॉर्ट सर्किट पातळी सुमारे 4,440 केव्हीए. भागिले 90, त्याचे वर्गमूळ सात. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांचा रेझोनन्स (ठरावीक वारंवारतेला करंट फुगणे) नेमका सातव्या हार्मोनिकवर, म्हणजे 50 हर्ट्झच्या सातपटीवर, 350 हर्ट्झला बसला आहे, आणि सहा पल्सचा व्हीएफडी तोच हार्मोनिक सोडतो. प्रत्येक टप्प्याला 7 टक्क्यांची डीट्यून्ड रिअॅक्टर (कपॅसिटरच्या सिरीजमध्ये बसणारी कॉइल) लावा. सिरीजमधली जोडी 189 हर्ट्झवर ट्यून होते आणि त्यावरच्या हार्मोनिकशी रेझोनन्स होत नाही. मात्र रिअॅक्टरमुळे कपॅसिटरवरचे व्होल्टेज सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढते, म्हणून जुने 440 व्होल्टचे कपॅसिटर ठेवू नका, 525 चे घ्या.